हेक्टर कागदावर, गुंठा तोंडी

एका खेड्यात खरीपपूर्व सभेसाठी गेलो असता, सभा संपल्यावर एक वृद्ध शेतकरी हातात दोन कागद घेऊन पुढे आले. पहिला कागद त्यांच्या वडिलांच्या वेळचा, घड्यांवर विरलेला. त्यावर जमिनीचे क्षेत्र ‘३ एकर १७ गुंठे ८ आणे’ असे शाईने लिहिलेले होते. दुसरा कागद हल्लीचा, संगणकावर छापलेला सातबाराचा उतारा. त्यावर त्याच जमिनीपुढे ‘१.३९.११’ एवढेच आकडे होते. त्यांनी विचारले, “साहेब, वडलांचे तीन होते, माझे एक राहिले. मधले दोन कुणी नेले ?”

सभेतील तरुण मंडळी हसली. मला मात्र हसू आले नाही. शेतकऱ्याला आपल्या जमिनीचा कागद वाचता येत नसेल, आणि कोणी दोन एकर नेल्याची शंका उराशी बाळगून तो वर्षानुवर्षे गप्प बसत असेल, तर दोष त्याच्या अडाणीपणाचा नाही. कागदाने एक भाषा बोलावी आणि गावाने दुसरी, अशी स्थिती आपण चालू ठेवली आहे. तिचा तो दोष आहे. त्यांची जमीन कोणीही नेलेली नव्हती. हिशेब मांडून पाहिला तेव्हा दोन्ही आकडे एकाच क्षेत्राचे निघाले. तो हिशेब पुढे देतच आहे.

आपल्या गावांत आज जमीन एका मापाने मोजली जात नाही. उताऱ्यावर हेक्टर, आर आणि चौरस मीटर असतात. पारावरच्या बोलण्यात एकर आणि गुंठे असतात. घराच्या प्लॉटचा सौदा चौरस फुटांत ठरतो, आणि पिढ्यान्पिढ्या पेटीत जपलेल्या कागदांत आणे निघतात. ज्याला ही चारही मापे एकमेकांत फिरविता येतात त्याचे काही बिघडत नाही. ज्याला ती येत नाहीत तो दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहतो. आणि तो दुसरा पुष्कळदा व्यवहारातील समोरचा पक्ष असतो किंवा मध्यस्थ असतो. प्रत्येकजण लबाडीच करतो असे नव्हे. परंतु ढोबळ हिशेबातली चूक सहसा हिशेब न येणाऱ्याच्याच अंगावर पडते, असा माझा अनुभव आहे.

मापे बदलण्याची ही आपली पहिलीच वेळ नाही. मराठी मुलखात पूर्वी वीस काठ्यांचा पांड, वीस पांडांचा बिघा व एकशेवीस बिघ्यांचा चाहूर असे कोष्टक चाले. काठी किती हातांची व किती मुठींची हे मात्र सर्वत्र सारखे नसे, त्यामुळे एका परगण्यातील बिघा दुसऱ्या परगण्यातील बिघ्याएवढा असेलच असे नव्हते. एकोणिसाव्या शतकाच्या चौथ्या दशकात गोल्डस्मिड व विंगेट ह्या अधिकाऱ्यांच्या हाताखाली इंदापूर तालुक्यापासून नवी मोजणी सुरू झाली आणि ती पुढे मुंबई इलाख्यात पसरली. ह्या मोजणीत एकर व गुंठा रुळले. मोजणीची साखळी ३३ फुटांची असे व तिचे सोळा भाग पाडलेले असत. त्या भागांना आणे म्हणत. एक साखळी लांब व एक साखळी रुंद असा चौरस म्हणजे एक गुंठा. ३३ ला ३३ ने गुणले की १०८९ चौरस फूट येतात, आणि असे ४० गुंठे मिळून ४३,५६० चौरस फुटांचा एकर होतो. गुंठ्याचा सोळावा हिस्सा तो आणा. तो सुमारे ६८ चौरस फूट, म्हणजे ६.३२ चौरस मीटर भरतो. सन १९५६ च्या वजनमापांच्या कायद्याने देशाने मेट्रिक पद्धत पत्करली. रुपयातला आणा १९५७ साली व्यवहारातून जाऊ लागला; गुंठ्यातला आणा जुन्या वाटणीपत्रांत अजून जिवंत आहे.

आता मेट्रिक मापांकडे वळू. ती नवी म्हणून अवघड वाटतात. वस्तुतः सर्वांत सोपी तीच आहेत. एक मीटर लांब व एक मीटर रुंद असा तुकडा म्हणजे एक चौरस मीटर. दहा मीटर लांब व दहा मीटर रुंद तुकडा म्हणजे एक आर, अर्थात १०० चौरस मीटर. शंभर मीटर लांब व शंभर मीटर रुंद शेत म्हणजे एक हेक्टर, अर्थात १०० आर किंवा १०,००० चौरस मीटर. आर हे माप फ्रान्समध्ये १७९५ साली ठरले. हेक्टर म्हणजे ‘शंभर आर’ एवढाच त्या शब्दाचा अर्थ. शंभरांचा आर, शंभर आरांचा हेक्टर. येथे चाळीस नाही, सोळा नाही, १०८९ नाही. रुपये-पैशांचा हिशेब ज्याला येतो त्याला हा हिशेब आलाच पाहिजे.

उताऱ्यावर ‘१.३९.११’ असे जे दिसते त्यातील पहिला आकडा हेक्टरचा, मधला आरचा व शेवटचा चौरस मीटरचा. म्हणजे १ हेक्टर ३९ आर ११ चौरस मीटर. टिंबे काढून टाकून आकडे सलग वाचले की १३,९११ चौरस मीटर हे एकूण क्षेत्र मिळते. वेगळा गुणाकार करावा लागत नाही. ही सोय एकर-गुंठ्यांत कधीच नव्हती.

आता त्या वृद्ध गृहस्थांचा जुना कागद घेऊ. ३ एकरांचे १२० गुंठे, त्यात १७ मिळविले की १३७. आठ आणे म्हणजे अर्धा गुंठा, एकूण १३७॥ गुंठे. एक गुंठा १०१.१७ चौरस मीटरांचा. १३७॥ ला १०१.१७ ने गुणले असता १३,९११ चौरस मीटर येतात. उताऱ्यावर नेमके तेवढेच आहेत. “म्हणजे तीन गेले नाहीत ?” असे त्यांनी पुन्हा विचारले. “तीन एकर साडेसतरा गुंठे तुमचेच आहेत, बाबा, फक्त मोजायची पायली बदलली,” असे सांगितल्यावर त्यांनी दोन्ही कागद शेजारी ठेवून बराच वेळ पाहिले.

ह्या ठिकाणी मला पहिला आग्रह धरावयाचा आहे. एका मापातून दुसऱ्या मापात थेट उडी मारू नये. जे क्षेत्र हाती असेल त्याचे प्रथम चौरस मीटर करावेत, आणि मग हवे त्या मापात न्यावे. हेक्टरला १०,००० ने, आरला १०० ने, एकरला ४०४६.८६ ने व गुंठ्याला १०१.१७ ने गुणावे. चौरस फुटांना १०.७६४ ने भागावे. एवढे पाच आकडे गावपातळीवरील प्रत्येक कार्यकर्त्याच्या डायरीच्या पहिल्या पानावर असावेत. उलट जावयाचे झाल्यास गुणाकाराच्या जागी भागाकार व भागाकाराच्या जागी गुणाकार करावा. चौरस मीटर हे सर्व वाटांचे मधले ठाणे आहे. थेट आडवाटेने जाणारा चुकतो, आणि आपण कोठे चुकलो हे त्याला कळतही नाही.

आडवाटांपैकी सर्वांत रहदारीची वाट म्हणजे ‘आर म्हणजेच गुंठा’ ही समजूत. ती का रूढ झाली हे समजण्यासारखे आहे. आरची बाजू १० मीटर. गुंठ्याची बाजू ३३ फूट, म्हणजे १० मीटर व जेमतेम ६ सेंटीमीटर. दोन्ही चौरस शेजारी शेजारी आखले तर बाजूंत तीन बोटांचा फरक पडेल. तीन बोटांसाठी कोण भांडतो ? परंतु हीच तीन बोटे चारही बाजूंनी आणि चाळीस वेळा मोजा. एका एकरात ४० आर नसून ४०.४७ आर असतात. ज्याने ‘एक एकर’ विकून दस्तात ‘०.४०.००’ लिहून दिले, त्याने कागदावर ३९॥ गुंठ्यांहून किंचित अधिक दिले; उरलेले सुमारे ४७ चौरस मीटर, म्हणजे ५०० चौरस फुटांवर जमीन, त्याच्याच नावे राहिली. बांध मात्र घेणाऱ्याने पुऱ्या एकरावर घातला. आज दोघांचे पटते म्हणून कोणी बोलत नाही. दोघांची मुले मोजणी आणतात तेव्हा ही ५०० फुटांची पट्टी वर येते. पाचशे फुटांत एक लहान घर उभे राहते, हे ध्यानात घ्यावे.

भावाच्या बाजूनेही हा फरक पाहण्यासारखा आहे. गुंठ्याला दोन लाख रुपये भाव ठरला, उतारा ४० आरचा आहे, आणि घेणाऱ्याने ‘चाळीस आर म्हणजे चाळीस गुंठे’ असे धरून ऐंशी लाख मोजले. वास्तविक त्याला मिळालेले गुंठे ३९.५४, त्यांची किंमत ७९ लाख ७ हजारांच्या आसपास. नुसत्या समजुतीपोटी ९२ हजारांवर रक्कम गेली. ‘अडीच एकरांचा हेक्टर’ ही म्हणही अशीच सैल आहे. हेक्टर म्हणजे २ एकर व १८.८४ गुंठे; पुरे अडीच एकर होण्यास एक गुंठ्याहून अधिक कमी पडते.

दुसरी चूक ह्याहून मोठी, आणि ती टिंबाची आहे. आपण एक एकर वीस गुंठे हे क्षेत्र ‘१.२०’ असे लिहितो. लिहिणाऱ्याच्या मनात टिंबापुढचे वीस हे गुंठे असतात, चाळीसांपैकी वीस; म्हणजे दीड एकर. हाच आकडा कोणी मोबाईलच्या हिशेबयंत्रात घातला की यंत्र त्याचा अर्थ एक पूर्णांक दोन दशांश असा घेते. दीड एकराचे चौरस मीटर ६०७० होतात. एक पूर्णांक दोन दशांश एकराचे ४८५६ होतात. मधले १२१४ चौरस मीटर, म्हणजे चांगले बारा गुंठे, यंत्राने गिळले. यंत्राची चूक नाही. चाळीसांचा गुंठा त्याला कोणी सांगितलाच नव्हता. “आता फोनवर सगळे निघते, कोष्टके कशाला ?” असे तरुण कार्यकर्ते म्हणतात, तेव्हा मी हेच उदाहरण देतो. फोन गुणाकार बरोबर करतो. काय गुणावयाचे हे आपणच ठरवावे लागते.

हेक्टर-आरमध्येही टिंबाचा घोळ होतो, फक्त उलट दिशेने. एक हेक्टर पाच आर हे ‘१.०५.००’ असे लिहिले पाहिजे. घाईत कोणी ‘१.५’ असे लिहून मोकळा होतो. वाचणारा त्याचा अर्थ एक हेक्टर पन्नास आर असा करतो, आणि तो त्याच्या जागी बरोबर असतो. एका शून्याच्या आळसाने ४५ आर, म्हणजे एक एकर साडेचार गुंठ्यांच्या घरात जमीन, कागदावर हवेतून निर्माण होते. उताऱ्यावर संगणक हे शून्य टाकतो. साध्या कागदावरच्या वाटणीत, विसारपावतीत किंवा अर्जात ते टाकावयाचे राहून जाते. म्हणून आर व चौरस मीटर नेहमी दोन दोन आकड्यांतच लिहावेत, पाचला ‘०५’ व काहीच नसेल तर ‘००’. हा नियम मी फार महत्त्वाचा मानतो.

आता गावाच्या कडेला पडत असलेल्या प्लॉटांविषयी. येथे शेतकरी बहुधा विकणारा असतो व माप फुटांचे असते. कित्येक ठिकाणी ‘हजार फुटांचा गुंठा’ बोलला जातो. हिशेबाला सोपे पडते म्हणून बोलतात, असे सांगण्यात येते. पण खरा गुंठा १०८९ फुटांचा आहे. ज्याने आपला एक एकर ‘हजारी गुंठ्या’च्या चाळीस पटीने विकला, त्याने ४०,००० फुटांचे पैसे घेतले आणि ४३,५६० फूट दिले. ३,५६० फूट, म्हणजे सव्वातीन गुंठे, फुकट गेले. तेव्हा विकणाऱ्याने भाव विचारण्याआधी ‘तुमचा गुंठा किती फुटांचा ?’ हे विचारावे. अशा प्रश्नाने कोणाचा अपमान होत नाही. झाला तर तो व्यवहार करू नये.

चौरस मीटरांचे चौरस फूट करतानाही एक जुनी गफलत होते. मीटरात ३.२८ फूट असतात हे पुष्कळांना पाठ असते. परंतु लांबी ३.२८ ने वाढली की रुंदीही तितक्याच पटीने वाढते. म्हणून चौरस मीटरात १०.७६ चौरस फूट असतात. २०० चौरस मीटरांच्या प्लॉटाला ३.२८ ने गुणून ६५६ फूट काढणारा लगेच उघडा पडतो, कारण उत्तर डोळ्यांनाच खोटे दिसते. त्याहून धोक्याचा तो, जो सोयीसाठी दहाने गुणतो आणि २००० फूट सांगतो. खरे उत्तर २१५३ फूट आहे. ह्यात १५३ फूट विकणाऱ्याचे जातात, आणि उत्तर खरे वाटण्याइतके जवळ असल्यामुळे कोणी तपासतही नाही.

बिनशेती झालेल्या जमिनीचा उतारा वाचताना आणखी एक दक्षता घेणे जरूर आहे. सन २०२० मध्ये सातबाराच्या नमुन्यात ज्या सुधारणा झाल्या, त्यांनुसार शेतजमिनीचे क्षेत्र हेक्टर, आर, चौरस मीटर ह्यांत दाखवावयाचे व बिनशेती जमिनीचे आर, चौरस मीटर ह्यांत, असे ठरले. म्हणून बिनशेती उताऱ्यावरील ‘२.५०’ म्हणजे अडीच हेक्टर नव्हे. दोन आर पन्नास चौरस मीटर, अर्थात २५० चौरस मीटर, म्हणजे सुमारे अडीच गुंठ्यांचा प्लॉट. आकड्याआधी त्यावरचे एकक वाचावे. गावठाणातील घरांची जी मोजणी स्वामित्व योजनेखाली सन २०२० पासून ड्रोनच्या साहाय्याने होऊ लागली, तिच्या मिळकत पत्रिकेवरही क्षेत्र चौरस मीटरांतच येते. शेत असो, प्लॉट असो वा घर असो, सरकारी कागदाचा तळ चौरस मीटर हाच झाला आहे. मग आपण तेथेच का उतरू नये ?

ह्यावर नेहमीचा आक्षेप असा की, “शेतकऱ्याला चौरस मीटर डोळ्यांपुढे दिसत नाही, गुंठा दिसतो.” हे खरे आहे, आणि मी गुंठ्याचा शत्रू नाही. गुंठ्याने माणूस पेरणीचा अंदाज करतो, मजुरी ठरवितो, भाजीचे वाफे मोजतो. खताच्या हिशेबात तर आर म्हणजे गुंठा ही समजूत खुशाल वापरावी. हेक्टरी १०० किलो नत्राची शिफारस असेल तर एकरी ४० किलो व गुंठ्याला एक किलो हे गणित कोणत्याही शेतकऱ्याला चालते. शेकडा एकाच्या फरकाने पिकाचे काही वाईट होत नाही. आमच्या खात्याची पत्रके हेक्टरी मात्रा देतात आणि शेतकरी एकरी विचारतो, तेथे ‘चाळीस टक्के घ्या’ हे उत्तर पुरेसे आहे. जो ढोबळपणा खताला शोभतो तो दस्ताला शोभत नाही, एवढाच माझा मुद्दा आहे. पीक पुढच्या हंगामात पुन्हा घेता येते. नोंदलेला दस्त फिरविण्यासाठी दोन्ही पक्षांना पुन्हा एकत्र यावे लागते, आणि तोवर ते एकमेकांशी बोलत असतीलच असे नाही.

राहिला प्रश्न डोळ्यांपुढे दिसण्याचा. तो प्रात्यक्षिकाने सुटतो, व्याख्यानाने नाही. शाळेच्या मैदानावर फक्कीने दहा मीटर बाजूचा चौरस आखावा. त्याच्याच एका कोपऱ्यातून ३३ फूट बाजूचा दुसरा चौरस आखावा. दोन रेघांमधली तीन बोटांची पट्टी लोकांना दाखवावी आणि ती चौरसाच्या दोन बाजूंनी कशी पसरते हे त्यांनाच मोजू द्यावे. ती पट्टी सव्वा चौरस मीटरास किंचित कमी भरते. माणूस उभा राहील एवढी. मग सांगावे की एकरात अशा चाळीस पट्ट्या असतात. मी हे दोन-तीन गावी केले आहे. लोक प्रथम गंमत म्हणून येतात. चाळिसाव्या पट्टीपर्यंत हिशेब पोचला की घरी जाऊन कागद घेऊन येतात. शाळकरी मुलांना सोबत घेतल्यास आणखी चांगले, कारण घरातला उतारा शेवटी तीच वाचून दाखवितात.

कार्यकर्त्यांनी एका बाबतीत मात्र स्वतःस आवर घालावा. रस्त्यात उभ्या उभ्या कोणी क्षेत्र विचारले तर तोंडी रूपांतर सांगू नये. कागदावर मांडून, चौरस मीटरांची पायरी दाखवून, तो कागद विचारणाऱ्याच्या हाती द्यावा. तुम्ही सहज बोललेला आकडा उद्या ‘साहेबांनी सांगितले’ म्हणून सौद्यात वापरला जातो. तसेच रूपांतर म्हणजे मोजणी नव्हे, हेही स्पष्ट सांगावे. उताऱ्यावरील १३,९११ चौरस मीटर जागेवर तेवढेच भरतात की नाही, हे भूमी अभिलेख खात्याची मोजणीच सांगू शकते. उताऱ्यात लागवडीयोग्य क्षेत्र व पोटखराबा वेगळे दाखविलेले असतात. भाव ठरविताना एकूण क्षेत्र धरले की लागवडीचे, हे दोन्ही पक्षांनी आधी बोलून घ्यावे. ह्या गोष्टी आमच्या अधिकारातल्या नाहीत. त्यासाठी ज्यांना गाव अजून तलाठी म्हणते त्यांच्याकडे व मोजणी कार्यालयाकडे जावे लागते. परंतु तेथे जाताना काय विचारावयाचे हे शेतकऱ्याला माहीत असावे, एवढे काम आमचे आहे.

माझे मत थोडक्यात नव्हे तर ठामपणे सांगावयाचे तर असे : जमिनीच्या प्रत्येक खाजगी कागदावर, मग ते वाटणीपत्र असो, विसारपावती असो वा बांधावरची साधी कबुली असो, एकूण क्षेत्र प्रथम चौरस मीटरांत, आकडी व अक्षरी, लिहिले जावे. त्याच्या खाली एकर, गुंठे, फूट, आणे, जे ज्याला आवडेल ते लिहावे. गुंठा तोंडी राहू दे, पण कागदावर तो दुसऱ्या ओळीत जाऊ दे. ह्याला कोणाच्या परवानगीची गरज नाही आणि खर्चही नाही. लिहिणाऱ्याला फक्त एक गुणाकार अधिक करावा लागतो.

त्या वृद्ध शेतकऱ्यांचे काम मात्र एवढ्यावर संपले नव्हते. त्यांनी खिशातून तिसरा कागद काढला. दोघा भावांनी जमीन निम्मी-निम्मी वाटून घ्यावयाचे ठरविले होते, त्याचा हा कच्चा मसुदा. त्यात ‘थोरल्यास ०.७ हेक्टर, उरलेली धाकट्यास’ असे कोणी लिहून दिले होते. १३,९११ चे निम्मे ६,९५५॥ होतात. लिहिणाऱ्याने ते सरळ ‘पॉइंट सात’ केले होते. ०.७ हेक्टर म्हणजे ७,००० चौरस मीटर. मग धाकट्याला उरतात ६,९११. निम्म्या वाटणीत ८९ चौरस मीटरांचा, म्हणजे साडेनऊशे चौरस फुटांहून अधिक फरक, आणि तोही थोरल्याच्या बाजूने. धाकटे भाऊ मागच्या बाकावर बसले होते. त्यांनी हा मसुदा वाचला होता व बरोबर आहे असेही म्हटले होते.

आम्ही आकडे नव्याने मांडले. एकाला ०.६९.५६ आणि दुसऱ्याला ०.६९.५५. एक चौरस मीटर कोणाकडे तरी अधिक जाणार होता, कारण १३,९११ चे सारखे दोन भाग होत नाहीत. वृद्ध गृहस्थांनी चष्मा काढून धाकट्याकडे पाहिले आणि म्हणाले, “वरचा एक मीटर त्याला लिहा. बांधावरचं आंब्याचं झाड त्याच्याच बाजूला आहे.”